स्वयंचलनाचे भांडवल आणि त्याचे भागीदार



या व्यासपीठावरून विद्वान माणसे बोलतात, अशी येथील परंपरा आहे. माझे शाळेतले शिक्षण दहावीला संपले. पुढचे शिक्षण थोडे लेथवर आणि थोडे आपल्या सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा आज जे ऐकायला मिळेल त्याला तेलाचा वास येईल, तो सोसावा.

आपल्या औद्योगिक वसाहतीत स्वयंचलनाचे आणि नव्या तंत्रज्ञानाचे एक केंद्र काढावे, त्यासाठी भांडवल गोळा करावे, अशी खटपट कारखानदार मंडळींत चालली आहे. चालकांनी मला त्यावरच बोलायला सांगितले. कामगार संघटनेचा माणूस म्हटला म्हणजे तो यंत्राला विरोध करणार, अशी पुष्कळांची समजूत असते. ती समजूत मी आज खरी करून दाखवणार नाही. केंद्र व्हावे, असेच माझे मत आहे. मात्र भांडवल मागायला निघण्यापूर्वी भांडवल कोण कोण घालतो आहे, याची यादी एकदा नीट करा, एवढे मला सांगायचे आहे. त्या यादीत एक नाव नेहमी राहून जाते.

प्रथम असे केंद्र म्हणजे काय, ते पाहू. नाव मोठे आहे, वस्तू साधी आहे. आपल्या वसाहतीत आठ-दहा यंत्रांचे कितीतरी कारखाने आहेत. मोठ्या कंपनीला सुटे भाग करून देणे हा त्यांचा धंदा. आता मोठी कंपनी म्हणते, प्रत्येक नगाचे माप नोंदलेले पाहिजे, आणि हजारांत एकही नग वाईट निघता कामा नये. मालकाला कळते की नग चढवणारा-उतरवणारा यांत्रिक हात बसवला, माप घेणारा सेन्सर बसवला, तर हे जमेल. पण कोणता घ्यावा? आपल्या कामाला तो चालेल का? बंद पडला तर दुरुस्त कोण करील? विक्रेत्याला विचारावे तर तो आपलाच माल उत्तम म्हणणार. कर्ज काढून यंत्र आणले आणि ते चालले नाही, तर कारखाना बसतो. म्हणून मालक थांबतो. तो थांबला की ऑर्डर दुसऱ्या गावाला जाते, आणि ऑर्डर गेली म्हणजे पहिल्यांदा घरी कोण जातो, हे या सभेत सांगायला नको. अशा मालकाला आपला नग घेऊन जाऊन चार दिवस यंत्रावर करून पाहता यावा, आपल्या कामगाराला ते काम शिकवून घेता यावे, अशी सामाईक जागा म्हणजे हे केंद्र. गावची सामाईक विहीरच म्हणा ना. फक्त सामाईक विहिरीवर पाणी कोणाला भरू द्यायचे, यावरून आपल्याकडे काय काय झाले, तेही आपल्याला ठाऊक आहे. महाडच्या तळ्याची १९२७ सालची गोष्ट कोणी विसरलेले नाही.

अशा विहिरीसाठी एकट्या खाजगी भांडवलदाराकडून पैसा मिळणे कठीण असते. त्यात त्याचा दुष्टावा असतो असे नव्हे. यंत्राचा फायदा त्याच्या मालकाला मिळतो, पण ज्ञान शेजारच्या शेडमध्येही पोहोचते. जे शेजाऱ्याला फुकट मिळणार त्यासाठी मी पैसे का घालू, असे तो विचारतो. म्हणून भांडवलशाही देशांतही सरकारला हात लावावा लागला. १९४९ साली म्युनिकमध्ये स्थापन झालेली जर्मनीची फ्राउनहोफर संस्था पाहा. तिचा साधारण एकतृतीयांश खर्च केंद्र आणि राज्य सरकारे उचलतात. बाकीचा पैसा ती उद्योगांची आणि सार्वजनिक प्रकल्पांची कामे करून मिळवते. आपल्याकडेही ही कल्पना नवी नाही. अहमदाबादेत १९४७ साली ‘अटिरा’ निघाली, मुंबईत १९५४ साली ‘बिट्रा’ निघाली. दोन्ही कापडधंद्याच्या संशोधनसंस्था. बंगलोरला १९६२ साली चेकोस्लोव्हाकियाच्या मदतीने यंत्रनिर्मितीची केंद्रीय संस्था उभी राहिली. अलीकडे केंद्र सरकारच्या ‘समर्थ उद्योग’ योजनेखाली पुण्यालाही असे एक केंद्र झाले आहे. म्हणजे पैसा कसा जमवावा, याचे कित्ते पुष्कळ आहेत.

मला त्यांतला एक कित्ता जरा सविस्तर सांगायचा आहे. इंग्लंडात शेफील्ड शहराजवळ ऑरग्रीव्ह नावाचे ठिकाण आहे. तेथे दगडी कोळशापासून कोक करण्याचा मोठा कारखाना होता. १९८४ साली वीस खाणी बंद करण्याचा बेत जाहीर झाला आणि खाणकामगारांचा वर्षभराचा संप सुरू झाला. त्या संपात १८ जून १९८४ रोजी याच कारखान्याबाहेर हजारो कामगार आणि हजारो पोलीस समोरासमोर आले. घोडेस्वार पोलीस कामगारांवर घालण्यात आले. पंचाण्णव जणांवर खटले झाले. ते पुढच्या वर्षी न्यायालयात टिकले नाहीत. त्या दिवशी काय घडले याची चौकशी करण्याचे इंग्लंडच्या सरकारने २०२५ साली जाहीर केले, म्हणजे तब्बल एक्केचाळीस वर्षांनी! संप हरला. कोकचा कारखाना १९९० साली बंद झाला.

आता त्या जागेवर काय आहे? शेफील्ड विद्यापीठाचे प्रगत उत्पादनतंत्राचे संशोधन केंद्र आहे. बोइंग या विमानाच्या कंपनीला भागीदार करून विद्यापीठाने ते २००१ साली स्थापन केले, आणि थोड्याच वर्षांत त्याच्या इमारती या जुन्या जमिनीवर उभ्या राहिल्या. टायटेनियमसारखा हट्टी धातू लवकर आणि बिनचूक कसा कापावा, येथून त्याचे काम सुरू झाले. पुढे यंत्रमानव आले, मिश्रपदार्थ आले. पैशाची रचना पाहण्याजोगी आहे. विद्यापीठाने नाव आणि माणसे दिली, बोइंगने काम आणि विश्वास दिला, त्या प्रांताच्या विकाससंस्थेने आणि युरोपच्या विकासनिधीने इमारतींसाठी पैसा दिला. मग इतर कंपन्या वार्षिक वर्गणी भरून सभासद झाल्या. २०११ सालापासून ते केंद्र एका राष्ट्रीय साखळीत आहे. त्या साखळीचा हिशेब साधारण असा, की एक हिस्सा सरकारचा, एक हिस्सा उद्योगांच्या कामाचा आणि एक हिस्सा दोघांनी मिळून केलेल्या संशोधनाचा. पुढे तेथे उमेदवारांसाठी शिक्षणशाळाही निघाली. आसपासची पोरे तेथे पगार घेत घेत शिकतात. त्या सगळ्या केंद्रात मला सर्वांत पसंत पडली ती ही शाळा.

कारखानदार मंडळींनी हा नमुना जरूर अभ्यासावा. मी मात्र त्यात एक वजाबाकी करतो. १९८४ साली ऑरग्रीव्हच्या फाटकाबाहेर चाळीस वर्षांचा जो कामगार उभा होता, तो २००१ साली सत्तावन्न वर्षांचा झाला होता. केंद्र आले, पण त्याच्या कामाचे दिवस सरल्यावर आले. जमिनीचा उद्धार झाला याचा मला आनंद आहे. पण जी जमीन सतरा वर्षे वाट पाहू शकते, तिची आणि ज्याला महिन्याच्या पहिल्या तारखेला किराणावाल्याचे बिल द्यायचे असते, त्या माणसाची गणना एका रकान्यात करता येत नाही.

आपण इंग्लंडला नावे ठेवण्याचे कारण नाही. निदान तेथे कारखान्याच्या जागी यंत्रविद्या तरी आली. मुंबईत काय झाले? १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्या शहरात ‘बिट्रा’सारखी संशोधनसंस्था जवळजवळ तीस वर्षे होती. म्हणजे ज्ञान शहरात होते. पण गिरण्यांतला नफा नव्या मागांत घालण्याऐवजी पुष्कळ मालकांनी दुसरीकडे नेला, आणि साचे जुनेच राहिले. पुढे १९९१ च्या नियमांनी गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले: महापालिकेला, म्हाडाला आणि मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी मोकळ्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली. जेथे साचे होते तेथे मॉल आणि कचेऱ्या आल्या. तेव्हा संशोधनाची इमारत बांधली म्हणजे धंदा वाचतो, असे कोणी सांगू लागले तर त्याला परळ-लालबागला हिंडवून आणावे.

मग वाचवते काय? येथे मला अहमदाबादची एक जुनी गोष्ट आठवते. ती आपल्या शेजारची असून आपल्याला फारशी माहीत नाही. कॅलिको गिरणीत स्वयंचलित माग बसवले होते. यंत्रे नवी, माणसे कसबी, तरी उत्पादन म्हणावे तितके वाढेना आणि खराब कापड कमी होईना. १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी त्या खात्याची पाहणी केली. २२४ माग, आणि त्यांवर काम करणाऱ्यांचे बारा वेगवेगळे प्रकार: कोणी फक्त तुटलेले धागे सांधणार, कोणी फक्त बॉबिन भरणार, कोणी फक्त तेल घालणार. कोणाचा कोणाला मेळ नाही. राइस यांनी सुचवले की ठरावीक मागांची जबाबदारी एका टोळीला मिळून द्यावी. ही कल्पना कामगारांनीच उचलून धरली आणि आपल्या टोळ्या आपणच पाडल्या. पुढे उत्पादन वाढले, खराबा घटला. माग तेच होते. वरून नवे भांडवल म्हणावे असे काही आले नव्हते. ते भांडवल कामगारांपाशी पहिल्यापासून होते. कोणी मागितले नव्हते इतकेच.

हेच ते यादीतून राहून जाणारे नाव. आजचे उदाहरण देतो. एका कारखान्यात, नाव सांगत नाही, वेल्डिंगचा यंत्रमानव आणला. यंत्रमानवाला वेल्डिंग येत नसते. त्याला शिकवावे लागते. हातात बटणांची एक पेटी असते. ती घेऊन सांध्यावरून त्याचा हात फिरवायचा, कोठे कोन बदलायचा, कोठे वेग कमी करायचा, कोठे पत्रा पातळ आहे म्हणून ज्योत लवकर उचलायची, हे बिंदू बिंदू करून नोंदवायचे. हे कोणी नोंदवले? बावीस वर्षे वेल्डिंग केलेल्या आमच्या एका सभासदाने. इंजिनियर शेजारी उभे होते, आणि ते विचारीत होते, “मामा, येथे काय करता तुम्ही?” तीन महिन्यांनी मामांना नग चढवण्याच्या कामावर बसवले, आणि कार्यक्रमाला कुलूप घातले, म्हणजे परवलीचा शब्द फक्त ठेकेदार कंपनीच्या माणसापाशी. एका रात्रपाळीला यंत्र अडले. का अडले, ते मामांना पाच मिनिटांत कळले होते. पण हात लावायची परवानगी नाही. बाहेरगावचा माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी आला, तोवर सगळी रांग उभी. हिशेबाच्या वहीत यंत्रमानवाची किंमत भांडवल म्हणून लिहिली गेली. मामांची बावीस वर्षे कोणत्या खात्यावर लिहिली, ते मला अजून सापडलेले नाही.

म्हणून केंद्रासाठी बँकांकडे, मोठ्या कंपन्यांकडे, सरकारकडे जो अर्ज जाईल, त्यात हे भांडवलही लिहा. भावनेसाठी म्हणून लिहा, असे मी म्हणत नाही. पैसा देणारा विचारणारच, की ही यंत्रे चालवणार कोण आणि त्यांचा उपयोग किती होणार? त्याला दाखवायला आपल्या वसाहतीतले टर्नर, फिटर, वेल्डर यांच्यापेक्षा भक्कम तारण दुसरे कोणते आहे? आणि ज्याचे भांडवल आहे त्याला कारभारात जागा लागते, हा नियम कारखानदारांना मी शिकवायचा नाही. केंद्राच्या कारभारी मंडळात कामगारांचे प्रतिनिधी हवेत, आणि ते केवळ हारतुऱ्यांपुरते नकोत. यंत्रांचे काही तास संध्याकाळी, पाळी सुटल्यावर शिकायला येणाऱ्यांसाठी राखून ठेवावेत, आणि त्यात कंत्राटी कामगाराला मज्जाव नसावा. पहिल्यांदा काम जाते ते त्याचेच.

काळाचाही प्रश्न आहे. कामगार कमी होतील असा यंत्रबदल करायचा झाला तर एकवीस दिवस आधी नोटीस द्यावी, असे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होते. नव्या संहितेतही ते ठेवले आहे. कर्जाचा अर्ज बँकेत वर्षभर चर्चेला असतो, आणि ज्याच्या संसाराचा प्रश्न त्याला एकवीस दिवस! नॉर्वेतल्या धातुकामगारांनी यावर वेगळी वाट काढली. १९७० च्या सुमारास त्यांच्या संघटनेने संगणकशास्त्रज्ञ क्रिस्टेन न्यूगोर यांना हाताशी धरून संगणकाचा अभ्यास स्वतःच केला, आणि १९७५ साली मालकांशी देशपातळीवर करार झाला, की नवी संगणकव्यवस्था आणण्याआधीच कामगारांना तिची समजेल अशी माहिती द्यायची. अशी अट आपल्या केंद्राच्या घटनेतच घालता येईल: ज्या कारखान्याने येथे यंत्र करून पाहिले, त्याने ते घेण्याचे ठरवण्याआधी आपल्या कामगारांना येथे आणून दाखवले पाहिजे, आणि ज्यांचे काम बदलणार त्यांना पगारी शिक्षण दिले पाहिजे. सरकारचा पैसा घेणाऱ्याला एवढी अट जड नाही.

आता तुम्ही विचाराल, की संघटना स्वतः काय देणार? रास्त प्रश्न आहे. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यातच सभासदांच्या शिक्षणावर निधी खर्च करण्याची मुभा होती. आजवर आम्ही तो पैसा बहुतेक कोर्टकचेरीत घातला. येत्या सर्वसाधारण सभेपुढे मी ठराव मांडणार आहे, की केंद्र झाले तर पहिल्या तीन वर्षांसाठी संघटनेने वर्गणी भरून त्याचे सभासद व्हावे. रक्कम कारखानदारांच्या मानाने लहान असेल. ठराव सहज पास होईल असे समजू नका. आमच्यातही ‘यंत्राला आपण कशाला पैसे द्यायचे’ म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यातले काही आज समोर बसलेले मला दिसत आहेत. अध्यक्षमहाराजांची परवानगी असेल तर पहिले प्रश्न त्यांनीच विचारावेत.