विसावा हाही व्यायामच

व्यायामावर बोलायचे म्हटले की जोर किती काढावेत, धावावे किती, हे सांगण्याची रीत आहे. आज मी तुम्हांला थांबावे केव्हा, एवढेच सांगणार आहे.

आमच्या महाविद्यालयातला एक विद्यार्थी पोलीस भरतीची तयारी करीत होता. १६०० मीटर धावणे त्याला छान जमत होते. भरती तीन आठवड्यांवर आली तसा तो पहाटे आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा डांबरी रस्त्यावर धावू लागला. नडगी दुखू लागली. मी हटकले तर म्हणतो, "दुखतंय म्हणजे अंग तयार होतंय, सर." पुढे कळले, नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली आहे. भरतीच्या दिवशी बिचारा घरी खाटेवर पडून होता.

व्यायामाने शक्ती येते, हे अर्धेच खरे आहे. व्यायामाने आधी होते ती झीज. स्नायूंचे तंतू सूक्ष्म प्रमाणात दुखावतात, त्यांतली साठवलेली साखर खर्ची पडते, हाडांवर ताण येतो. शक्ती येते ती नंतर, ही झीज भरून निघताना; आणि झोपेत हे काम विशेष चालते. जेवण नीट असेल तर साखरेचा साठा साधारण एका दिवसात भरतो. जड मेहनतीने थकलेल्या स्नायूंना दोन-दोन दिवस लागतात. हाड मात्र आठवडेच्या आठवडे घेते. म्हणून दम टिकला, पाय चालले, तरी हाड तयार झाले असे समजू नये. आमच्या विद्यार्थ्याची चूक झाली ती इथेच.

आपल्या तालमींना हे नवे नाही. मेहनत झाली की पैलवान हौद्यातल्या मातीत अंग टाकतो, मालीश करवून घेतो, खुराक खाऊन दुपारी ताणून देतो. बघणाऱ्याला तो आळस वाटतो. वस्तादाला तसे वाटत नाही.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकची हकीकत तुम्ही ऐकली असेल. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना एक लांबलेली कुस्ती संपताच दुसरीसाठी पुकारले गेले. मध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, पण तो बजावून सांगायला आपला अधिकारी तिथे हजर नव्हता, असे सांगतात. दमलेले खाशाबा ती कुस्ती हरले. कांस्यपदक मिळाले, पण त्या अर्ध्या तासाची हळहळ आजही वाटते.

तेव्हा आठवड्यातून निदान एक दिवस पूर्ण सुट्टी घ्या. जड मेहनत एका आड एक दिवस करा. झोप मोडू नका. सकाळी अंथरुणातच नाडी मोजा. ती नेहमीपेक्षा सतत जलद लागू लागली, भूक मंदावली, तर मेहनत कमी करा. आणि हाडावर एकाच जागी दुखत असेल तर धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवा.

आमचा विद्यार्थी पुन्हा तयारीला लागला आहे. आता तो आठवड्यातून चारच दिवस धावतो.