आकाशातली देखरेख आणि आपला अप्रमाद

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या दिवशी आम्ही याच माईकवर धम्माविषयी बोलतो. आज आम्ही उपग्रहाविषयी बोलणार आहोत. फळ्यावर विषय लिहिला तेव्हा आमचे एक जुने सहकारी म्हणाले, "गिरणीतल्या माणसाला उपग्रहातलं काय कळतं?" प्रश्न बरोबर आहे. आम्ही कॉलेजात गेलो नाही. पण आयुष्य मशीनजवळ गेलं. म्हातारं मशीन कसं सांभाळायचं हे आम्हाला ठाऊक आहे. आणि ही गोष्ट एका म्हाताऱ्या मशीनचीच आहे. ते मशीन जमिनीपासून ८६७ किलोमीटर उंचावर फिरत होतं, एवढाच फरक.

त्याचं नाव मेघा-ट्रॉपिक्स. मेघ आपला, ट्रॉपिक्स फ्रेंचांचा. भारताची इस्रो आणि फ्रान्सची अंतराळ संस्था यांनी मिळून तो बनवला. १२ ऑक्टोबर २०११ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही रॉकेटने तो वर गेला. वजन सुमारे १००० किलो. काम काय, तर विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंच्या उष्ण पट्ट्यातले ढग, पाऊस आणि हवेतली वाफ मोजणे, सूर्याची किती उष्णता येते आणि किती परत जाते ते बघणे. आपला मान्सून याच पट्ट्यातला. म्हणजे आपल्या शेतकऱ्याच्या पेरणीचा आणि आपल्या झोपडीत शिरणाऱ्या पाण्याचा या उपग्रहाशी संबंध होता.

बाकीचे पुष्कळ उपग्रह उत्तर-दक्षिण ध्रुवांवरून फिरतात. हा मात्र विषुववृत्ताशी फक्त २० अंशांचा कोन करून फिरायचा. त्यामुळे एकाच भागावर तो दिवसातून अनेकदा यायचा. ढग काही दिवसातून एकदाच बदलत नाहीत, म्हणून ही युक्ती.

त्याचं ठरवलेलं आयुष्य होतं ३ वर्षांचं. त्यानं माहिती दिली २०२१ पर्यंत, म्हणजे दहा वर्षांच्या आसपास. हे कसं झालं, तेच आज सांगायचं आहे.

हा उपग्रह साधारण १०२ मिनिटांत पृथ्वीची एक फेरी मारायचा. दिवसाला सुमारे १४ फेऱ्या. प्रत्येक फेरीत तो उन्हातून पृथ्वीच्या सावलीत शिरायचा आणि परत उन्हात यायचा. आपल्याला दिवसातून एकदा सूर्यास्त, त्याला चौदा. उन्हात सौर पट्ट्या वीज करणार, बॅटरी भरणार. सावलीत बॅटरी खर्च होणार. दहा वर्षांचा हिशेब करा, बॅटरी पन्नास हजारांहून जास्त वेळा भरली आणि उपसली. शिवाय ऊन लागलं की तापायचं, सावली आली की गार पडायचं. लोखंड असो की माणूस, असल्या ये-जा करण्यानंच झिजतो.

आता बिघाड झाला तर फिटरला शिडी लावून वर पाठवता येत नाही. म्हणून उपग्रह स्वतःच आपली तब्येत खाली कळवतो. भूकेंद्राच्या डोक्यावरून जाताना तो दहा-पंधरा मिनिटंच दिसतो. तेवढ्या वेळात मोठा अँटेना त्याच्या मागे वळत राहतो आणि वरून आकडे येतात. बॅटरीचा दाब किती, विजेचा प्रवाह किती, कुठला भाग किती तापला, टाकीत इंधनाचा दाब किती, तोल सांभाळणारी चाकं किती वेगानं फिरताहेत. याला टेलिमेट्री म्हणतात. प्रत्येक आकड्याला एक खालची आणि एक वरची मर्यादा ठरलेली असते. आकडा मर्यादेबाहेर गेला की पडद्यावर इशारा येतो. मग खालून हुकूम जातो, हे बंद कर, ते चालू कर, या बाजूला वळ.

पण खरं कौशल्य इशारा आल्यावर धावण्यात नाही. आकडा मर्यादेच्या आतच आहे, पण गेल्या महिन्यापेक्षा थोडा सरकला, त्याच्या आधीच्या महिन्यापेक्षाही थोडा सरकला, हे ओळखण्यात कौशल्य आहे. गिरणीत काम केलेल्यांना हे लगेच कळेल. बेअरिंग एका दिवसात जात नाही. आधी आवाज बदलतो. मग हात लावला तर कोमट लागतं. मग मोटार जास्त करंट ओढते. चांगला जॉबर आवाजावरून ओळखायचा आणि तेलवाल्याला हाक मारायचा. वाईट जॉबर साचा थांबल्यावर बोंब मारायचा. साचे तेच, सूत तेच, फरक कान ठेवण्यात.

दुसरी गोष्ट अशी की उपग्रहात महत्त्वाचे भाग जोडीनं बसवतात. एक गेला तर दुसऱ्यावर काम चालतं. पण दुसऱ्यावर आल्यावर तिसरा नसतो. मग चालवणाऱ्यांना जास्त जपून राहावं लागतं.

मेघा-ट्रॉपिक्सवर चार उपकरणं होती. पाऊस आणि ढग मोजणारं मुख्य उपकरण, त्याचं नाव मद्रास. २०१३ सालीच त्याच्या फिरत्या यंत्रणेत बिघाड झाला आणि ते सोडून द्यावं लागलं. जायला दोन वर्षंसुद्धा पुरी झाली नव्हती. घरातला कर्ता मुलगा जावा तसं झालं. पण म्हणून उपग्रह टाकून दिला नाही. हवेतली वाफ मोजणारं सफीर चालू होतं, उष्णता मोजणारं स्कॅराब चालू होतं. जे चालू आहे त्याला जपलं. पुढे त्या वाफेच्या मोजमापांचा उपयोग देशोदेशींच्या हवामान संस्थांनी आपल्या अंदाजांसाठी केला.

बंधू-भगिनींनो, ही झाली सांभाळण्याची गोष्ट. आता शेवटाची ऐका, कारण आम्हाला खरं तेच सांगायचं आहे.

अमेरिकेचा यूएआरएस नावाचा असाच एक उपग्रह होता. १९९१ साली तो डिस्कव्हरी यानातून वर नेला. वजन पाच टनांहून जास्त, उपकरणं दहा. ओझोनचा थर आपल्याच कारखान्यांतल्या वायूंमुळे कसा नासतो, हे समजण्यात त्याच्या मोजणीची मोठी मदत झाली. तोही ३ वर्षांसाठी होता आणि १४ वर्षं चालला. २००५ साली उरलेलं इंधन वापरून त्याला थोडं खाली आणलं आणि काम बंद केलं. पुढे हवेच्या घर्षणानं तो हळूहळू खाली येत राहिला आणि २४ सप्टेंबर २०११ रोजी पडला. कुठे पडणार हे आधी कुणाला नक्की सांगता येईना. २६ तुकडे जमिनीपर्यंत येतील, आणि जगात कुणा ना कुणाला लागण्याची शक्यता ३२०० मध्ये १, असं नासानं सांगितलं. शेवटी तो प्रशांत महासागरात पडला, कुणाला इजा झाली नाही. तो बांधला तेव्हा आजचे नियम नव्हते, म्हणून आम्ही दोष देत नाही. पण जगभरचे लोक आकाशाकडे बघत बसले होते, हे खरं.

आणि त्यानंतर बरोबर १८ दिवसांनी आपला मेघा-ट्रॉपिक्स वर गेला.

याचं काम संपलं तेव्हा टाकीत सुमारे १२५ किलो इंधन उरलं होतं. तसाच सोडला असता तर तो शंभर वर्षांहून अधिक काळ वर फिरत राहिला असता. एखादा तुकडा आदळला असता, टाकी फुटली असती, तर त्याचे तुकडे चालत्या उपग्रहांच्या वाटेत पसरले असते. म्हणजे आमच्या पिढीनं वापरायचा आणि कचरा पणतवंडांनी निस्तरायचा.

इस्रोनं ठरवलं, याला हातात धरून खाली आणायचं. वास्तविक हा उपग्रह तशा शेवटासाठी बांधलेलाच नव्हता. त्यातल्या कित्येक भागांची जोडी संपली होती, काहींची ताकद कमी झाली होती. खाली आणावं तशी हवा दाट होत जाते, ओढ वाढते आणि भूकेंद्राला तो दिसण्याचा वेळही कमी होतो. म्हाताऱ्या माणसाला अनोळखी घाट उतरवण्यासारखंच ते. तरी ऑगस्ट २०२२ पासून थोडं थोडं इंधन जाळून, १८ वेळा हालचाली करून त्याची कक्षा खाली खाली आणली. शेवटी ७ मार्च २०२३ रोजी संध्याकाळी बेंगळुरूच्या इस्ट्रॅक केंद्रातून शेवटचे दोन हुकूम गेले. एक साडेचारच्या सुमाराला, दुसरा सव्वासहानंतर. दोन्ही वेळा चार छोटी इंजिनं सुमारे वीस-वीस मिनिटं चालली. आणि तो प्रशांत महासागरावर, जिथे वस्ती नाही अशा ठरवलेल्या भागावर, हवेत शिरून जळून गेला.

हे वाचलं त्या रात्री आम्हाला झोप आली नाही.

भगवान बुद्धांचं वय ऐंशी झालं तेव्हा त्यांनी आनंदाला सांगितलं की जुना गाडा पट्ट्यांनी बांधून चालवावा तसा हा देह चालला आहे. त्यांनी आपलं म्हातारपण लपवलं नाही. आणि जाताना शेवटचा उपदेश केला तो अप्रमादाचा. सगळं झिजणारं आहे, म्हणून गाफील राहू नका. आपण अनित्य, अनित्य म्हणतो आणि हात जोडून बसतो. वस्तू झिजणारच, मग कशाला बघायचं? नाही! झिजणार आहे म्हणूनच रोज बघायचं. अनित्य आणि अप्रमाद ही एकाच वाक्याची दोन अंगं आहेत.

आता आपल्याकडे बघू. हा विहार आपण वर्गणी काढून, रात्री सिमेंट कालवून बांधला. बायांनी डोक्यावरून विटा वाहिल्या. बांधताना दोनशे हात होते. बांधून झाल्यावर वायरिंग बघायला किती हात आले? गेल्या पावसात मीटरच्या पेटीत पाणी उतरलं, तेव्हा आपल्याला कळलं की छपराची फट तीन वर्षांची जुनी आहे. मोठा हॉल बांधू, मोठी मूर्ती आणू, याला टाळ्या पडतात. टाकी दर महिन्याला धुवू, याला टाळी पडत नाही.

शरीराचंही तेच. वस्तीतले एक जुने कार्यकर्ते, नाव घेत नाही, मोर्चा असला की पहिले. ब्लड प्रेशर कधी मोजलं नाही. "मला काय झालंय?" असं म्हणायचे. आज अर्धं अंग लुळं होऊन खाटेवर आहेत. शरीर टेलिमेट्री पाठवत होतं, घेणारा कुणी नव्हता. आपल्यात नर्सिंग शिकलेल्या मुली आहेत. त्यांना आमची विनंती आहे, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदनेनंतर इथेच चाळिशीच्या वरच्या प्रत्येकाचं प्रेशर मोजा आणि वहीत लिहा. आजचा आकडा एकटा काही बोलत नाही, वर्षभराचे आकडे बोलतात.

आणि आता शेवटचं, जे बोलायला जड जातं. या विहाराच्या हिशेबाची वही आणि कपाटाची चावी गेली कित्येक वर्षं आमच्याकडे आहे. दोन वर्षांमागे आपल्याच एका मुलीनं वही बघून सांगितलं, "काका, या पानावर बेरीज चुकली आहे." आम्ही सर्वांसमोर तिच्यावर ओरडलो. "तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून आम्ही विहार सांभाळतोय," असं बोललो. ती पुढे सहा महिने विहारात आली नाही. बेरीज खरंच चुकली होती. १४० रुपयांची चूक, आमच्या हातची. पैसे आम्ही भरले, पण तिला काही बोललो नाही. आज सर्वांसमोर बोलतो. बाळा, तुझं बरोबर होतं. चुकीचा आकडा दाखवणारा पडदा शत्रू नसतो. आम्ही पडदाच फोडायला निघालो होतो.

आपल्या कित्येक संस्था अशाच पडल्या. माणूस चांगला, त्याग मोठा, पण चावी शेवटपर्यंत सोडली नाही. मग एक दिवस माणूस गेला आणि कागद सापडेनात, बँकेत सही चालेना, दोन गट पडले. त्याचे तुकडे कुणाच्या डोक्यावर पडले? तरुण पोरांच्या. मेघा-ट्रॉपिक्सनं आम्हाला एवढं शिकवलं की इंधन संपल्यावर नीट उतरता येत नाही. टाकीत थोडं शिल्लक आहे तोवरच उतरायचं असतं.

आमच्या टाकीत अजून थोडं आहे. म्हणून आज या व्यासपीठावरून आम्ही चावी आणि वही अध्यक्षांच्या हाती देत आहोत. त्यांनी ती तरुणांच्या समितीकडे द्यावी, आणि त्या समितीत ती मुलगी असावी अशी आमची विनंती आहे. एक वर्ष आम्ही शेजारी बसू, विचारलं तेवढंच सांगू. जुन्या पावत्या कुठल्या डब्यात आहेत, छपराचा कुठला पत्रा कधी बदलला, हे सगळं लिहून देऊ. एकदम नाही, थोडं थोडं करून, त्या १८ हालचालींसारखं.

तरुणांनो, तुम्ही बेंगळुरूला त्या पडद्यासमोर बसावं, ही आमची इच्छा आहेच. शिका आणि तिथे जा. पण तोवर या विहाराच्या मीटरची पेटी दर रविवारी उघडून बघा. काम तेच आहे.

बोलण्यात काही चुकलं असेल तर बेरजेसारखं दाखवून द्या. या खेपेला ओरडणार नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!