मत माणसाचे, मोबाईलचे नव्हे
(जबलपूर येथील शाखा कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आपला पश्चिम मध्य रेल्वे झोन २००३ मध्ये सुरू झाला. मुख्यालय जबलपूरला, आणि सभासद जबलपूर, भोपाळ व कोटा या तीन विभागांत विखुरलेले. कोणी लाइनवर, कोणी रनिंग रूममध्ये, कोणी रात्रपाळीत. सगळे एका सभागृहात जमणे अशक्य. म्हणून शाखांकडून मागणी येते की, पदाधिकाऱ्यांची निवड मोबाईलवर मत घेऊन करावी. मागणी रास्त वाटते. पण आम्ही पहिला प्रश्न विचारतो : मोजायचे काय, माणूस की नंबर?

आपल्या देशात एका व्यक्तीच्या नावावर साधारणपणे नऊ सिमकार्डे घेता येतात. नंबरलाच मतदार मानले, तर एक माणूस कोणताही नियम न मोडता नऊ मते उभी करील. उलट नवरा-बायको दोघेही नोकरीत आणि घरात फोन एकच असेल, तर एकाचे मत बुडाले. म्हणजे लबाडाचा फायदा आणि प्रामाणिकाचा तोटा.

हा रोग मोबाईलबरोबर आलेला नाही. पावतीपुस्तकावर सभासद मोजले की एकच कामगार दोन युनियनच्या रजिस्टरात दिसू शकतो. पोस्टातील बांधवांना १९९३ च्या मान्यता नियमांची माहिती आहे. तेथे सभासदसंख्या पगारातून कापलेल्या वर्गणीवरून पडताळतात. अन्न महामंडळाच्या कर्मचारी युनियनच्या खटल्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने गुप्त मतदानाची रीत घालून दिली. रेल्वेत २००७, २०१३ आणि डिसेंबर २०२४ मध्ये मान्यतेसाठी गुप्त मतदान झाले. पी.एन.एम.च्या टेबलावर तुमच्या वतीने कोण बसणार, हे त्या मतांवर ठरते. तेथे खोट्या मतांवर निवडून आलेला माणूस बसला, तर प्रशासन त्याला जुमानणार नाही. बदली, क्वार्टर, ड्युटीचे तास, सगळ्याच प्रश्नांवर आपली बाजू लंगडी पडेल.

पेटीच्या मतदानात पहारे किती असतात ते पाहा. यादीत नाव, हातात ओळखपत्र, दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी समोर. सार्वत्रिक निवडणुकीत तर १९६२ पासून बोटाला म्हैसूरच्या कारखान्यातील शाई लागते. मोबाईलवर ते बोट दिसत नाही. मग त्या बोटाची जागा कशाने भरायची?

आमचे उत्तर असे : यादीने. मतदानाआधी प्रत्येक सभासदाची नोंद त्याच्या कर्मचारी क्रमांकावर करा, फोन नंबरवर नको. निवृत्त, बदली झालेले व मयत यांची नावे काढा. यादी सात दिवस शाखेच्या फलकावर लावा आणि हरकती लेखी घ्या. ज्याचा फोन नाही, त्याला कार्यालयात येऊन मत देण्याची सोय ठेवा. नाव दोनदा आले म्हणून कोणाला परस्पर वगळू नका. आधी त्याला बोलावून विचारा, कारण एकाच नावाची दोन माणसे गँगमध्ये असू शकतात.

दुसरी खबरदारी गुप्ततेची. दुबार मत पकडण्याच्या नावाखाली कोणी कोणाला मत दिले, हे पदाधिकाऱ्यांना कळता कामा नये. ‘मतदान झाले’ एवढीच खूण यादीवर हवी. मत कोणाला पडले, याची नोंद त्या यादीला जोडलेली नको. नाहीतर चोर पकडायला ठेवलेला पहारेकरीच उद्या सभासदाला धमकावील.

एवढे करूनही एक भोक राहतेच. फोन कोणाच्या हातात आहे, आणि शेजारी उभे राहून बटण कोण दाबायला लावतो, हे कोणतीही यादी सांगत नाही. म्हणून आमचे स्पष्ट मत असे : सभेची तारीख, मागण्यांचा क्रम, वर्गणीची सूचना, अशा कामांना मोबाईलचा कौल खुशाल घ्या. पण पदाधिकाऱ्यांची निवड आणि संपाचा निर्णय मतपेटीतूनच झाला पाहिजे. रनिंग स्टाफसाठी दोन-तीन दिवस पेटी उघडी ठेवावी लागली, तरी चालेल.

बंधूंनो, मालकासमोर आपले बळ म्हणजे आपली संख्या. ती संख्या खरी असेल तरच तिला वजन असते. येत्या महिन्यात प्रत्येक शाखेने आपली यादी तपासून फलकावर लावावी, एवढीच आमची विनंती.

कामगार एकजूट झिंदाबाद!