‘फावल्या वेळातलं’ काम

(नोकरी सांभाळून हाताने दागिने व शोभेच्या वस्तू बनवून विकणाऱ्या स्त्रियांच्या मेळाव्यातील भाषणाचा संपादित मजकूर)



आज इथे शिक्षिका आहेत, बँकेतल्या आहेत, परिचारिका आहेत, खाजगी कार्यालयांत कंत्राटावर काम करणाऱ्या आहेत. आणि याच सगळ्याजणी रात्री जेवणं आटोपली की मणी ओवतात, टेराकोटाची कानातली रंगवतात, क्रोशाचे बटवे विणतात, रेशमी दोऱ्यात ठुशी गाठवतात. मीही त्यांतलीच एक. दिवसा टेबलावर फायली, रात्री त्याच हातात पक्कड आणि तार. आपल्या या कामाला घरात, शेजारात, आणि कधीकधी आपल्या संघटनेतसुद्धा एकच नाव आहे: हौस. ‘फावल्या वेळात काहीतरी करत असते.’

हा फावला वेळ येतो कुठून, ते आधी पाहू. सरकारच्याच २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार, घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्या कामावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटं. म्हणजे बाईचे पावणेपाच तासांहून जास्त, पुरुषाचा दीड ताससुद्धा नाही. शिवाय पुरुषांचा आकडा हा घरकामाला हात लावणाऱ्यांचा आहे; जे लावतच नाहीत ते यात धरलेलेच नाहीत. आता यात आपली नोकरी मिळवा, लोकलचा किंवा एस.टी.चा प्रवास मिळवा. उरते ती झोप. आपण मणी ओवतो ते आपल्या झोपेतून काढलेल्या वेळात. त्याला फावला म्हणू नका.

मग इतकं करून आपण हे का करतो? नोकरीचा पगार आहे ना? आहे. पण पगार येण्याआधीच त्याच्या वाटा ठरलेल्या असतात. घराचा हप्ता, मुलांची फी, सासऱ्यांची औषधं. पगार किती, कधी जमा झाला, हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं. दागिने विकून आलेले हजार-दोन हजार रुपये हे बऱ्याच जणींच्या हातात आलेले असे पहिले पैसे असतात, की ज्यांचा हिशेब कुणी मागत नाही. कुणी त्यातून माहेरी पैसे पाठवते, कुणी स्वतःचे दात दुरुस्त करून घेते. ज्यांची नोकरी दर अकरा महिन्यांनी नव्याने मागावी लागते, त्यांना हा धंदा म्हणजे उद्याची सोय वाटते. ही हौस नाही.

पण हौस म्हटलं की हिशेब होत नाही आणि नुकसान आपलंच होतं. एक साधं गणित मांडते. एका गळ्यातल्याचे मणी, दोरा, हूक मिळून ११० रुपये. डबी आणि बाजाराला जाण्यायेण्याचा वाटा २० रुपये. विक्री २५० ला. आपण म्हणतो, १२० रुपये सुटले. वेळ किती गेला? ओवायला दोन तास, गाठी आणि हूक अर्धा तास, खरेदी आणि गिऱ्हाइकाशी बोलणं अर्धा तास. म्हणजे तासाला ४० रुपये. आता दहा नगांपैकी दोन ओळखीत उधार गेले आणि पैसे आलेच नाहीत असं धरा. हाती आले २०००, खर्च १३००, उरले ७००, काम तीस तासांचं. तासाला २३ रुपये. आपल्याच घरी भांडी घासणाऱ्या बाईंना आपण तासाला किती देतो, ते आठवा. तेव्हा किंमत ठरवताना आधी मजुरी लिहा, मग माल, मग खर्च. आणि कार्यालयातल्या मैत्रिणीने ‘मला कमीत दे ना गं’ म्हटलं, तर तिला वहीतला हा हिशेब दाखवा.

दुसरा मुद्दा नावाचा. सरकारी नोकरीतल्या बहिणींनी नीट ऐकावं. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे पूर्वपरवानगीशिवाय खाजगी धंदा करता येत नाही. बँका, शाळा, कंपन्या यांचे आपापले नियम असतात. नेमणूकपत्र काढून वाचा. या भीतीपोटी अनेकजणी धंदा नवऱ्याच्या किंवा दिराच्या नावावर दाखवतात. त्याने नियमातून सुटका होत नाही, कारण कुटुंबातल्या माणसाचा व्यापारही सरकारी कर्मचाऱ्याला कळवावा लागतो. आणि घडतं काय? प्रदर्शनात टेबलामागे उभी आपण, आणि टेबलावरचा क्यूआर कोड त्याच्या खात्याचा. माल आपला, रात्री आपल्या, पैसे त्याच्याकडे. म्हणून लेखी परवानगी मागा, अर्जाची पोच घ्या. ज्यांना नोकरीची अशी अडचण नाही, त्यांनी उद्यम नोंदणी स्वतःच्या नावावर करावी. ती २०२० पासून ऑनलाइन आणि विनाशुल्क आहे. खातं स्वतःचं, एकटीचं असू द्या. हिंदू वारसा कायदा, १९५६ च्या कलम १४ मध्ये स्त्रीने स्वतःच्या कौशल्याने किंवा कष्टाने मिळवलेली मालमत्ता ही पूर्णपणे तिचीच, असं स्पष्ट आहे. पण ती तिने मिळवली हे दाखवायला कागद लागतो. बिलबुक ठेवा. लग्नात अंगावर घातलेल्या सोन्याची पावती कुणाच्या नावाची होती, यावरून आपल्याकडे किती भांडणं कोर्टात गेली, हे समुपदेशन केंद्रात बसणाऱ्या मैत्रिणींना सांगायला नको.

आता जरा अवघड बोलते. धंदा वाढला की ओवायला आपल्याला वेळ उरत नाही. मग आपण वस्तीतल्या एखाद्या बाईला मणी आणि दोरा देतो, नगावर दर ठरवतो. मालाड पूर्वेला खोट्या दागिन्यांचा एवढा मोठा धंदा चालतो, त्यातलं कितीतरी काम अशाच घरांत, जमिनीवर बसून, मुलांना हाताशी घेऊन होतं. तिच्या पाठीचा, डोळ्यांचा, घरातल्या दिव्याच्या बिलाचा हिशेब त्या दरात नसतो. घरबसल्या काम करणाऱ्यांनाही कामगाराचे हक्क असावेत, असा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा ठराव क्रमांक १७७ हा १९९६ साली झाला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. सरकारकडे आपण ती मागत राहूच, पण आपल्या घरापासून सुरुवात करायला सरकारची वाट कशाला? आपण तासाला ४० रुपये आपल्याला कमी म्हणतो. मग तिचा नगाचा दर तासावर मांडून पाहिला का? मालक म्हणून आपण व्यापाऱ्यासारख्याच वागलो, तर धंदा बाईचा असून काय उपयोग?

दुसरी वाटही आहे. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्या लिज्जत पापडाच्या व्यवहारात लाटणारी प्रत्येक भगिनी संस्थेची सभासद असते. आपला व्याप तेवढा नसेल. पण चारपाचजणींनी मिळून भुलेश्वरहून किंवा पुण्याच्या बोहरी आळीतून एकदम माल आणला, प्रदर्शनाचं टेबल वाटून घेतलं, उभं राहण्याच्या पाळ्या लावल्या आणि ओवणाऱ्या बाईलाही नफ्यात वाटा दिला, तर एवढं आजही जमण्यासारखं आहे.

आणि शेवटचं, घराबद्दल. रात्री अकराला आपण मणी घेऊन बसतो तेव्हा सकाळचा डबा कोण करणार, हा प्रश्न घरात मोठ्याने विचारा. नवरा कौतुकाने चार जणांत सांगतो, ‘ही फार कलाकार आहे हं.’ कौतुक नको असं नाही. पण त्याने भाजी चिरली तर आपल्याला अर्धा तास झोप मिळेल.

गटांना माझी विनंती एवढीच: पुढच्या बैठकीला प्रत्येकीने एक नग आणि त्याचा हिशेब लिहिलेला कागद घेऊन यावं. ओवणाऱ्या बायकांनाही बोलवावं. दर त्यांच्यासमोर, त्यांच्याशी बोलून ठरवू या.