बिब्बा आणि घरातील मांजर



सातपुड्याच्या आपल्या रानातील बिब्ब्याचे झाड सर्वांच्या परिचयाचे आहे. निमाडात त्यास भिलावा म्हणतात. आंबा व काजू हेही त्याच कुळातील होत. त्याच्या फळाचा केशरी मांसल भाग वाळवून खातात. आतील गोडंबीही खाण्यात येते. परंतु काळ्या टरफलातील तेल कातडीस लागल्यास फोड येतात. याच तेलाने परीट कपड्यांवर खुणा करीत असत.

घरात मांजर आहे म्हणून हे झाड तोडावे काय? तशी मुळीच आवश्यकता नाही. धोका उभ्या झाडापासून नसून घरात आणलेल्या बियांपासून आहे. अंगणात वाळत घातलेल्या किंवा दाराशी बांधलेल्या बिब्ब्याशी मांजर खेळते. बी फुटल्यास तेल केसांना लागते आणि अंग चाटताना ते तोंडात जाते. शिवाय अशा मांजरास कुरवाळणाऱ्या मुलाच्या हातावरही फोड उठू शकतात.

यास्तव बिब्बे घट्ट झाकणाच्या डब्यात उंचावर ठेवावेत. टरफले चुलीत जाळू नयेत. त्यांचा धूरही बाधतो. मांजराच्या अंगास तेल लागल्यास हातांत प्लास्टिकच्या पिशव्या घालून त्यास साबणाने धुवावे. रॉकेल लावू नये, कारण मांजर तेही चाटते. तोंड सुजल्यास अथवा लाळ गळू लागल्यास त्यास विनाविलंब पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे.

बिब्बा हे रानाचे धन होय. झाड राखावे, बी मात्र जपून हाताळावी.