कार्लाइलच्या मुलांचा हंगाम

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया प्रांतातील कार्लाइल गावी, जुन्या लष्करी छावणीत, १८७९ साली तेथील मूळच्या इंडियन जमातींच्या मुलांसाठी शाळा निघाली. मुलांचे केस कापले जात, नावे बदलली जात. मातृभाषा बोलल्यास शिक्षा होई. या शाळेचा फुटबॉल संघ मात्र नामांकित कॉलेजांशी झुंजू लागला. तेथील फुटबॉल म्हणजे चेंडू हाती घेऊन धावण्याचा दांडगा खेळ.

१९१२ च्या हंगामात पॉप वॉर्नर हे शिक्षक होते. त्याच वर्षी स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके जिंकलेला जिम थॉर्प हा संघाचा आधार होता. ९ नोव्हेंबरला वेस्ट पॉइंट येथे लष्करी विद्यालयाशी गाठ पडली. त्याच राष्ट्राच्या फौजेने वूंडेड नी येथे इंडियनांची कत्तल केली, त्यास अवघी बावीस वर्षे लोटली होती. लष्कराच्या संघात पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले आयसेनहॉवर होते. कार्लाइलने २७ विरुद्ध ६ गुणांनी बाजी मारली. हंगामात १२ विजय, एक पराभव व एक बरोबरी झाली.

१९१८ साली शाळा बंद पडली. तेथील दफनभूमीत, घरी न परतलेली मुले पुरली गेली. विजयाचे कौतुक करताना त्या मुलांचे स्मरण ठेवणेही न्याय्य होय.