कागदाचा गल्ला

आज ज्या वस्तूविषयी मी चार शब्द बोलणार आहे, तिला बाजारात कवडीचेही मोल नाही. जुनी वर्तमानपत्रे, वाटीभर पीठ आणि दोन चमचे मेथी एवढ्या सामग्रीतून ती घरच्या घरी होते. ती वस्तू म्हणजे मुलांचे पैसे साठविण्याचा कागदी गल्ला.

आमच्या वाशीमकडे पूर्वी कुंभाराचा मातीचा गल्ला बहुतेक घरांतून दिसे. पैशाला आत जाण्यास वाट, बाहेर येण्यास नाही. तो फोडावा तेव्हाच मोकळा व्हावयाचा. माझ्या बालपणी त्यात पाच व दहा पैशांची अॅल्युमिनियमची नाणी पडत. ती नाणी गेली. २०११ साली चार आणेही व्यवहारातून उठले. गल्ल्याची गरज मात्र उठली असे मला वाटत नाही.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत नातवंडे घरी आली, तेव्हा हा उद्योग आम्ही आरंभिला. नातीला चित्रांच्या पुस्तकातल्यासारखे डुक्कर हवे होते. हा आकार केवळ विलायती आहे असे कोणी समजू नये. जावा बेटावर मजापहित राज्याच्या काळचे, म्हणजे पाचशेहून अधिक वर्षांपूर्वीचे, डुकराच्या आकाराचे मातीचे गल्ले सापडले आहेत. परंतु नातवाने पोळ्याच्या बैलाचा हट्ट धरला. अखेर तह झाला : बैल करावा, मात्र त्याचे शेपूट डुकराचे, पिळदार असावे.

आता कृती सांगतो. कागद साधा, वर्तमानपत्राचा घ्यावा; गुळगुळीत, चकाकणारा कागद नीट भिजत नाही. तो कात्रीने न कापता हाताने फाडावा, म्हणजे कडेचे तंतू मोकळे राहून एकमेकांत मिसळतात. थोडा कागद रात्रभर भिजत घालावा, सकाळी खलबत्त्यात कुटून पिळावा व त्यात भिजवून वाटलेली मेथी कालवावी. आमच्या आया-आज्या अशाच लगद्याच्या टोपल्या करीत. मेथीने लगद्यास चिकटपणा येतो आणि तिच्या कडवटपणामुळे कीड लवकर लागत नाही, असा त्यांचा अनुभव होता. खळीसाठी वाटीभर मैदा थंड पाण्यात कालवून, एकंदर पाच-सहा वाट्या पाणी घालून मंद आचेवर शिजवावा. हे काम वडील माणसाने करावे. खळीत मोरचूद घालण्याची कित्येकांची रीत आहे, पण ते विष आहे. मुलांचे हात जेथे लागावयाचे तेथे ते नको.

एकाच मापाचे दोन वाडगे पालथे घालून त्यांस बाहेरून तेल लावावे. पहिला थर नुसत्या पाण्यात भिजविलेल्या पट्ट्यांचा द्यावा, म्हणजे साचा सहज सुटतो. त्यावर खळीच्या पट्ट्यांचे पाच-सहा थर द्यावेत. दर दोन थरांनंतर वाळू द्यावे. येथे मुले उतावीळ होतात. पण घाई केली तर आत ओल राहून बुरशी धरते. साचे सुटल्यावर दोन्ही अर्धे जोडून सांधा पट्ट्यांनी बुजवावा व लगद्याचे पाय, शिंगे आणि वशिंड बसवावे. दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटर रुंदीचे असते. तेव्हा पाठीवरची फट तीन सेंटिमीटर लांब ठेवावी. शेवटी गेरू व चुना यांनी रंगवावे.

श्रोतेहो, गल्ला करणे सोपे आहे. त्याची आब राखणे कठीण. माझ्या मुलाचा गल्ला मातीचा होता. त्याच्या वहीत मी त्याला जमेचा हिशेब लिहावयास शिकविले होते. तो आठ वर्षांचा असता घरात आजारपण आले आणि महिनाअखेर माझा हात रिकामा झाला. एका रात्री गल्ला पालथा धरून, फटीत सुरीचे पाते सरकवून मी बेचाळीस रुपये काढले. पगार होताच परत टाकू, असा संकल्प होता. पगार झाला आणि दुसऱ्या वाटांनी गेला. दिवाळीला मुलाने गल्ला फोडला, नाणी मोजली, वही पाहिली, पुन्हा मोजली आणि म्हणाला, “बाबा, माझीच बेरीज चुकली असेल.”

मी गणिताचा मास्तर. त्याची बेरीज बिनचूक होती, हे मला ठाऊक होते, आणि मी काही बोललो नाही. त्याने पुन्हा कधी गल्ला मागितला नाही.

म्हणून माझे सांगणे एवढेच की, गल्ला मुलाचा असेल तर तो खरोखर मुलाचाच असावा. अडचणीत त्यातून पैसे घ्यावे लागले, तर मुलाला विचारावे, त्याच्या वहीत लिहावे आणि ठरल्या दिवशी फेडावे. टपाल खात्याची बचत बँक १८८२ सालापासून लोकांचा विश्वास सांभाळीत आली आहे. दहा वर्षांवरील मुलाला तीत स्वतःचे खाते चालविता येते. पण विश्वासाची पहिली पेढी घरातच असते.

कागदी गल्ल्याचा आणखी एक गुण आहे. तो फोडावा लागत नाही. पोटाखाली चीर देऊन पैसे काढावेत आणि दोन पट्ट्यांनी ती पुन्हा चिकटवावी.

बैल तयार झाला त्या दिवशी मुलगा नातवंडांना न्यावयास आला होता. सर्वांच्या देखत मी बैलात बेचाळीस रुपये टाकले आणि ते कशाचे, हे मुलांना सांगितले. मुलगा क्षणभर स्तब्ध राहिला. मग हसून म्हणाला, “म्हणजे बाबा, माझी बेरीज बरोबर होती तर!”